विश्लेषण : एन्झाइम भेटताच उजळणारा रंग कर्करोगाचं दुसरं ऑपरेशन टाळू शकतो का?

गाठ काढून झाल्यावर आत कर्करोगाचा अंश उरला आहे का, हे डॉक्टरांना ऑपरेशन टेबलावरच दिसलं तर? अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेलं एक औषध हेच करू पाहतं. ते कसं काम करतं, किती भरवशाचं आहे आणि वाशिम जिल्ह्यातल्या रुग्णाने त्यातून काय घ्यावं, हे समजून घेऊ.

समजा, शिरपूर जैनमधल्या एका ताईंच्या स्तनात गाठ सापडली. मालेगावच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, तिथून नागपूरला जायचं ठरलं. ऑपरेशन झालं, त्या घरी परतल्या, टाके सुकत आले. काही दिवसांनी मुलगा रिपोर्ट आणायला गेला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘मार्जिन पॉझिटिव्ह’.

पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच असणार, असं घरच्यांना वाटलं. अर्थ मात्र उलटा होता. काढलेल्या भागाच्या अगदी कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या होत्या. म्हणजे आतमध्ये काही पेशी उरल्या असण्याची शक्यता होती. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

या ताई काल्पनिक आहेत, पण हा प्रसंग दुर्मीळ नाही. इंग्लंडमध्ये स्तन वाचवून गाठ काढलेल्या ५५,२९७ महिलांच्या सरकारी नोंदी तपासण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. त्यातल्या सुमारे २० टक्के, म्हणजे दर पाचपैकी एका महिलेला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं.

अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरामुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या शिरपूर जैनहून अकोला सुमारे ७० किलोमीटर आहे. नागपूर अडीचशेच्या आणि मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढे. इथल्या कुटुंबासाठी दुसरं ऑपरेशन म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा सोबतीला एक माणूस, पुन्हा बुडालेली मजुरी आणि पुढे ढकललेलं रेडिएशन. हंगाम सोयाबीन काढणीचा असेल तर अडचण आणखी वाढते. म्हणूनच या नव्या तंत्राची चर्चा इथल्या वाचकासाठीही कामाची आहे.

‘मार्जिन’ म्हणजे नेमकं काय?

स्तनाच्या कर्करोगात प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून उरलेला स्तन वाचवता येतो. या शस्त्रक्रियेला लंपेक्टमी म्हणतात. त्यानंतर बहुतेक वेळा रेडिएशन दिलं जातं. योग्य रुग्णांमध्ये या पद्धतीने पूर्ण स्तन काढण्याइतकंच आयुष्य मिळतं, हे इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांच्या २० वर्षांच्या निकालांनी २००२ मध्ये दाखवून दिलं.

अट एकच आहे. गाठीभोवती निरोगी मांसाची कड सुटली पाहिजे. हीच कड म्हणजे मार्जिन. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात, त्याचे पातळ काप करतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पसरणाऱ्या कर्करोगात शाई लागलेल्या कडेवर एकही कर्करोगाची पेशी नसेल तर मार्जिन ‘निगेटिव्ह’, म्हणजे स्वच्छ. दूधनलिकेच्या आतच असलेल्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी साधारण २ मिलिमीटरची मोकळी कड धरतात.

अडचण वेळेची आहे. ही तपासणी पूर्ण व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत जखम शिवलेली असते आणि रुग्ण घरी गेलेला असतो.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हराळी उपटली की वरून रान साफ दिसतं. मातीत मुळाचा तुकडा राहिला की पहिल्या पावसानंतर ती पुन्हा डोकं वर काढते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे डोळे आणि बोटं असतात. निरोगी चरबी आणि कर्करोगाच्या थोड्याशा पेशी यांतला फरक त्या दोन्हींना प्रत्येक वेळी कळत नाही.

एन्झाइमचा इथे काय संबंध?

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ‘विकर’. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतलं एन्झाइम पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवतं. प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं. एखादी कात्री फक्त ठरावीक दोराच कापते, तसं.

कर्करोगाच्या गाठीत अशा काही कात्र्या नेहमीपेक्षा जास्त चालू असतात. गाठीला वाढण्यासाठी शेजारच्या पेशींमधलं जाळं तोडून जागा करावी लागते. त्यासाठी ‘मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएज’ गटातली एन्झाइम्स वापरली जातात. ‘कॅथेप्सिन’ नावाची प्रथिनं तोडणारी एन्झाइम्सही तिथे वाढलेली आढळतात. ही एन्झाइम्स फक्त कर्करोगाच्या पेशीच बनवतात असं नाही. गाठीच्या आसपास जमलेल्या रोगप्रतिकारक पेशीही ती सोडतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

शास्त्रज्ञांनी विचार असा केला की, गाठीत कात्री चालू आहे हे माहीत असेल, तर त्या कात्रीने कापल्यावरच उजळेल असा रंग तिथे का पाठवू नये?

न उजळणारा रंग उजळतो कसा?

काही रंगद्रव्यांवर एका रंगाचा प्रकाश टाकला की ती दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. याला प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स म्हणतात. अतिनील दिव्याखाली नोटेवरचे धागे चमकतात, ते याच गुणामुळे.

साधं फ्लुरोसंट रंगद्रव्य शरीरात सोडलं तर ते रक्त, चरबी, स्नायू सगळीकडे थोडंथोडं चमकतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल असतो, पण नॉइजही तेवढाच असतो. भर दुपारी अंगणात पणती लावली तर ती पेटलीय की नाही हेच कळत नाही. पणती दिसायला आजूबाजूला अंधार लागतो.

एन्झाइमवर चालणारे प्रोब हा अंधार तयार करतात. एका प्रकारात रंगद्रव्याच्या शेजारी दुसरा एक रेणू जोडलेला असतो. तो रंगाची ऊर्जा शोषून घेतो आणि त्याला चमकू देत नाही. दिव्यावर भांडं पालथं घालावं तसं. रंग आणि हे ‘भांडं’ यांना जोडणारी दोरी अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याची असते. एन्झाइमने ती दोरी कापली की भांडं बाजूला होतं आणि दिवा दिसू लागतो.

दुसऱ्या प्रकारात वेगळं भांडं नसतंच. रंगाचा रेणू स्वतःच घडी होऊन मिटलेला असतो आणि मिटलेल्या अवस्थेत तो चमकत नाही. त्याला जोडलेला तुकडा एन्झाइमने कापला की घडी उलगडते आणि रंग उजळतो.

दोन्ही प्रकारांत एक फायदा आहे. एन्झाइमचा एकच रेणू एकामागून एक अनेक दोऱ्या कापू शकतो. त्यामुळे थोड्या एन्झाइमनेही बराच प्रकाश मिळतो.

ही कल्पना किती जुनी आहे?

१९९९ मध्ये अमेरिकेत राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने उंदरांमधल्या गाठी अशा एन्झाइमवर उजळणाऱ्या रंगाने दाखवल्या. त्यांनी डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश वापरला, कारण तो मांसातून तुलनेने खोलवर जातो.

२०११ मध्ये जपानमधले यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतले हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने आणखी सोपा प्रयोग केला. त्यांनी ‘जीजीटी’ या एन्झाइमवर उजळणारा रंग बनवला आणि तो थेट गाठींवर फवारला. उंदरांच्या पोटातल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या बारीक गाठी मिनिटभरातच हिरव्या चमकू लागल्या. हा घडी उलगडणारा प्रकार. पुढे माणसाच्या स्तनातून काढलेल्या तुकड्यांवरही हा रंग तपासला गेला.

रक्तप्रयोगशाळेचा रिपोर्ट पाहिला असेल तर जीजीटी हे नाव ओळखीचं वाटेल. यकृताच्या तपासणीत रक्तातलं तेच एन्झाइम मोजतात. म्हणजे हे एन्झाइम फक्त कर्करोगाचं नाही. फरक ते कुठे आणि किती जास्त आहे, याचा असतो.

२०१६ मध्ये अमेरिकेत १५ रुग्णांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना स्तनाचा कर्करोग किंवा मऊ ऊतींचा सार्कोमा होता. त्या वेळी ‘लम-०१५’ म्हणून ओळखला जाणारा रंग पुढे ‘पेगुलिसायनिन’ या नावाने औषध झाला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली. लुमिसेल कंपनीच्या या औषधाचं बाजारातलं नाव ‘लुमिसाइट’.

ऑपरेशनमध्ये ते वापरतात कसं?

ऑपरेशनच्या दिवशी, आतून पाहणी करण्याच्या २ ते ६ तास आधी हे औषध शिरेतून दिलं जातं. प्रमाण वजनाप्रमाणे, किलोमागे १ मिलिग्रॅम. ते रक्तातून सगळीकडे जातं, पण तेव्हा भांडं पालथं असतं. कॅथेप्सिन आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएज जिथे जास्त आहेत तिथे दोरी कापली जाते.

सर्जन नेहमीच्या पद्धतीने गाठ काढतात. मग हातात धरायचा छोटा कॅमेरा गाठ काढलेल्या पोकळीत आतून फिरवतात. संशयित जागा पडद्यावर उठून दिसते. तिथला आणखी थोडा भाग काढून तपासणीला पाठवला जातो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. हे औषध कर्करोग मारत नाही. ते फक्त दाखवतं. पॅथॉलॉजिस्टच्या तपासणीची जागाही ते घेत नाही, मंजुरी फक्त जोडीची मदत म्हणून आहे.

आकडे काय सांगतात?

मंजुरीचा मुख्य आधार अमेरिकेतल्या १४ केंद्रांवर झालेली ‘इनसाइट’ ही चाचणी होती. तिचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ४०६ महिलांना औषध देण्यात आलं. त्यातल्या ३५७ जणींमध्ये नेहमीची शस्त्रक्रिया पूर्ण झाल्यावर कॅमेऱ्याने पोकळी तपासली गेली.

* ३५७ पैकी २७ महिलांमध्ये, म्हणजे ७.६ टक्के, मागे राहिलेला कर्करोग या तंत्रामुळे त्याच वेळी काढला गेला.
* नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या ६२ महिलांचं मार्जिन पॉझिटिव्ह होतं, त्यांपैकी ९ जणींचं दुसरं ऑपरेशन टळलं. हे प्रमाण १४.५ टक्के.
* संवेदनशीलता ४९.३ टक्के. म्हणजे कर्करोग असलेल्या दर १०० कडांपैकी साधारण ४९ उजळल्या, उरलेल्या उजळल्या नाहीत.
* विशिष्टता ८५.२ टक्के. म्हणजे स्वच्छ असलेल्या दर १०० कडांपैकी साधारण १५ विनाकारण उजळल्या.
* ६ महिलांमध्ये दुष्परिणामांमुळे औषध मध्येच थांबवावं लागलं. दोघींना औषधाशी संबंधित गंभीर त्रास झाला.

तीव्र अॅलर्जीचा धोका असल्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकावर अमेरिकी प्रशासनाने सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापायला लावला आहे. ते देताना अशी अॅलर्जी हाताळण्याची तयारी हवीच.

आता हे आकडे दोन्ही बाजूंनी पाहा. ज्या ९ जणींचं दुसरं ऑपरेशन टळलं, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा होता. पण ६२ पैकी ५३ जणींना तो मिळाला नाही. ‘कर्करोगाची पेशी न् पेशी चमकते’ असा मथळा वाचला तर हे दोन आकडे आठवा. चमक दिसली म्हणजे कर्करोगच असतो असं नाही आणि चमक नाही म्हणजे सगळं स्वच्छ, असंही नाही.

चूक का होते?

वर सांगितलेला मुद्दा इथे येतो. ही एन्झाइम्स कर्करोगाची मक्तेदारी नाहीत. जिथे सूज आहे, जखम भरतेय, रोगप्रतिकारक पेशी जमल्या आहेत, तिथेही ती वाढतात. मग कर्करोग नसतानाही जागा उजळू शकते आणि निरोगी भाग थोडा जास्त काढला जातो.

उलट बाजूनेही चूक होते. प्रत्येक गाठीत एकसारखी एन्झाइम्स नसतात. एखाद्या भागात ती कमी असतील तर तो भाग अंधारातच राहतो. शिवाय प्रकाश मांसात फार खोल जात नाही. पृष्ठभागाखाली दडलेली पेशी कॅमेऱ्यातून सुटू शकते.

म्हणूनच संशोधक वेगवेगळ्या अवयवांसाठी वेगवेगळ्या एन्झाइम्सवर उजळणारे रंग शोधत आहेत. एकाच किल्लीने सगळी कुलुपं उघडणार नाहीत, हे या क्षेत्रात आता सगळ्यांनी मान्य केलं आहे.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

आहे, पण स्तनासाठी नाही, मेंदूसाठी. मेंदूच्या ग्लायोमा या गाठींच्या ऑपरेशनमध्ये ‘५-एएलए’ नावाचं औषध वापरतात. रुग्ण ते भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी पाण्यात विरघळवून पितो.

५-एएलए स्वतः चमकत नाही. आपल्या पेशी त्याच्यापासून ‘हीम’ बनवतात. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमधला तो भाग. हे काम एन्झाइमांच्या साखळीत टप्प्याटप्प्याने होतं. ग्लायोमाच्या पेशींमध्ये शेवटचा टप्पा रेंगाळतो आणि त्याआधीचा पदार्थ, प्रोटोपॉर्फिरिन, साठून राहतो. निळ्या प्रकाशात तो लालसर गुलाबी दिसतो. म्हणजे इथेही न चमकणाऱ्या औषधाला चमकवण्याचं काम एन्झाइम्सच करतात. फरक एवढाच की दोरी कापण्याऐवजी ती रंगच तयार करतात.

जर्मनीतल्या चाचणीचे २००६ मध्ये आलेले निकाल या औषधाला बळ देणारे ठरले. ५-एएलए वापरलेल्या ६५ टक्के रुग्णांमध्ये एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या प्रकाशात ऑपरेशन केलेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं. सहा महिन्यांपर्यंत आजार न वाढलेल्यांचं प्रमाणही जवळपास दुप्पट होतं. एकूण आयुर्मानात मात्र त्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेने हे औषध २०१७ मध्ये मंजूर केलं.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात हे तंत्र वापरलं गेलं आहे. तिथले न्यूरोसर्जन डॉ. अलिअसगर मोयदी आणि डॉ. प्रकाश शेट्टी यांनी आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यांचा निष्कर्ष संयमाचा होता. प्रकाश आणि ऑपरेशनदरम्यानची सोनोग्राफी ही दोन्ही साधनं एकमेकांना पूरक आहेत, प्रत्येक रुग्णाला एकच माप लागू पडत नाही. अमेरिकेतल्या स्तनाच्या चाचणीचे आकडेही वेगळं काही सांगत नाहीत.

मग शिरपूरच्या रुग्णाने या औषधासाठी थांबायचं का?

नाही. अमेरिकेतली मंजुरी म्हणजे भारतातली मंजुरी नव्हे. इथे कोणत्याही नव्या औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची स्वतंत्र परवानगी लागते. त्यापुढे कॅमेरा, प्रशिक्षण आणि खर्च हे प्रश्न येतात. ‘चमकणारं औषध’ मिळेल म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणं हा सर्वांत महाग सौदा ठरेल.

मार्जिन सांभाळण्याचे मार्ग आजही आहेत. काही केंद्रांत ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून त्याची तपासणी होते. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढता येतो. पोकळीच्या चारही बाजूंनी थोडा जास्तीचा भाग काढण्याची पद्धतही आहे.

ऑपरेशन टेबलावरची सुधारणा महागच असते, असंही नाही. टाटा स्मारकचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांवर १,६०० महिलांची चाचणी केली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन हे जागा बधिर करणारं साधं औषध टोचलं. २०२३ मध्ये आलेल्या निकालात, हे इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनी ९०.१ टक्के महिला हयात होत्या. न दिलेल्या गटात हे प्रमाण ८६.४ टक्के होतं. हे औषध मार्जिन दाखवत नाही, त्याचं काम वेगळं आहे. पण तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणारं औषध किती फरक पाडू शकतं, हे त्यातून दिसतं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारावं?

हे प्रश्न मोबाइलमध्ये जपून ठेवा. विचारायला संकोच करू नका. रुग्णाला ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

१. माझा स्तन वाचवता येईल का? नसेल तर कारण काय?

२. ऑपरेशन चालू असताना मार्जिन तपासण्याची सोय इथे आहे का?

३. मार्जिन पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय करणार? पुन्हा ऑपरेशन किती दिवसांत होईल?

४. रिपोर्ट कधी मिळेल? तो फोनवर कळवाल का, की पुन्हा यावं लागेल?

५. रेडिएशन कुठे घ्यावं लागेल आणि किती दिवस?

६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातला कोणता खर्च बसतो?

शेवटचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. राज्यातल्या कुटुंबांना या योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण उपचार योजनेतल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मोठ्या प्रवासात तेवढाही हातभार लागतो.

आणि रिपोर्टमधला ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून आनंद किंवा घाई करू नका. इथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘कडेवर कर्करोग आहे’ आणि निगेटिव्ह म्हणजे ‘कड स्वच्छ आहे’. त्याच रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ असंही लिहिलेलं असू शकतं. त्याचा मार्जिनशी संबंध नाही. गाठीवर हार्मोनचं औषध लागू पडण्याची शक्यता त्यातून कळते. दोन्ही ओळी डॉक्टरांकडून वेगवेगळ्या समजून घ्या.

प्रकाशाच्या आधी हात

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक महिलांचा मृत्यू झाला. यातल्या कितीतरी जणींच्या बाबतीत प्रश्न मार्जिनचा नव्हताच. गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावर त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या होत्या. अशा वेळी स्तन वाचवणारी छोटी शस्त्रक्रियाच अनेकदा हातातून जाते.

इथे मुंबईतला एक अभ्यास आठवावा लागेल. टाटा स्मारकने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांहून अधिक महिलांवर २० वर्षं लक्ष ठेवलं. निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासणी केली. यंत्र नाही, रंग नाही, फक्त शिकवलेले हात. २०२१ मध्ये आलेल्या निकालानुसार ५० वर्षं आणि त्यापुढच्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरले तर घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरली नाही.

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरच्या महिलांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर व्हायला हवी. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कधी असते, हे आशाताईंना विचारा. वाशिममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं आहे, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज पुढच्या काळात कमी व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे.

स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडी ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

थोडक्यात

एन्झाइमवर उजळणारा रंग ही खरी प्रगती आहे. जे डोळ्याला दिसत नाही ते ऑपरेशन चालू असतानाच दाखवण्याचा तो प्रयत्न आहे. आजच्या घडीला तो निम्मंच दाखवतो, कधी खोटंही दाखवतो. पुढच्या काळात तो सुधारेल आणि कदाचित अकोल्या-नागपूरच्या ऑपरेशन थिएटरमध्येही येईल.

पण हा दिवा ऑपरेशन टेबलावर लागतो. त्या टेबलापर्यंत वेळेत पोहोचणं अजूनही घरातल्या माणसांच्या हातात आहे. शिरपूरच्या ताईंनी गाठ लागल्याचं ज्या दिवशी घरात सांगितलं, त्याच आठवड्यात कुणी त्यांना दवाखान्यात नेलं, तर कोणत्याही नव्या रंगाआधी तेवढ्यानेच बरंच काही वाचतं.